दहा ग्रॅमची फुंकर

हिवखेडे गावाच्या नावात हिव आहे, तेवढंच. रावेर तालुक्यातलं, चारी बाजूंनी केळीने वेढलेलं हे गाव. २०४६ सालच्या चैत्रात तिथे पारा अठ्ठेचाळीसवर गेला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, कारण आदल्या साली तो एकोणपन्नासवर गेला होता. माणसाला सगळ्याची सवय होते असं म्हणतात. ते खोटं आहे. मनाला होते, शरीराला होत नाही. केळीला सदा पाणी सोडलेलं, त्यामुळे हवा ओली. घाम यायचा पण वाळायचा नाही, आणि घाम वाळला नाही की अंगातली उष्णता अंगातच राहते. म्हातारी माणसं दुपारी जेवून आडवी होत आणि उठायचंच विसरत.

म्हणून गावाने गारघर केलं. पूर्वी जिथे केळी पिकवायची, ती जाड भिंतींची, बिनखिडक्यांची मोठी खोली. तिच्यातले क्रेट बाहेर काढले, बाकं आणि चटया टाकल्या आणि केळी थंड ठेवणारं जुनं यंत्र माणसांसाठी चालू केलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. साठीपुढचे, आजारी, बाळंतिणी आत बसत. सत्तावीस अंश म्हणजे त्यांना स्वर्ग. भिंतींचा पिकल्या केळ्यांचा वास मात्र गेला नव्हता.

"आधी इथं केळ्या पिकवायचे, आता आम्हाले पिकवतात," पुष्पलता म्हणायची, आणि सगळ्या बायका हसायच्या.

पुष्पलता ही लीलाधर फेगड्यांची बायको. जीभ तिखट, हृदय कमजोर. डॉक्टरांनी पिण्याचं पाणीसुद्धा मोजून दिलेलं. त्यांनी लीलाधरला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "औषधं चालतील, पण यांचं खरं औषध तुमचं गारघर आहे. ते चार दिवस बंद पडलं तर मी काही करू शकणार नाही." घरात एसी होता, पण दुपारची वीज नव्हती. गारघराला तेवढी छपरावरच्या सौरपट्ट्यांची सोय होती.

ते यंत्र चालू ठेवायचं काम लीलाधरचंच. साठीचा हा माणूस चव्वेचाळीस वर्षं फ्रिज, एसी आणि शीतगृहं दुरुस्त करत आलेला. पंचक्रोशीत त्याला गॅसभाऊ म्हणत. कॉम्प्रेसरवर नुसता हात ठेवून तो दुखणं सांगे. सोळाव्या वर्षी तो युसूफ मिस्त्रींच्या हाताखाली लागला होता. उस्ताद पलीकडच्या पिंपळबर्डीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला जी गोष्ट शिकवली ती म्हणजे फुंकर.

यंत्रात गॅस भरायचा तर सिलिंडरपासून यंत्रापर्यंत एक नळी जोडावी लागते. त्या नळीत साधी हवा असते. ती यंत्रात गेली तर यंत्राचं वाटोळं. मग काय करायचं? नळीचं टोक सैल ठेवायचं, सिलिंडरची चावी क्षणभर उघडायची, फुस्स करून गॅसची एक फुंकर सोडायची. नळीतली हवा हाकलली जाते आणि चटकन टोक आवळायचं. दोन सेकंदांचं काम. पुस्तकात लिहिलेली पद्धत निराळी. त्यात व्हॅक्यूम पंप लावून नळी रिकामी करायची, अर्धा तास थांबायचं. पण पंपाला वीज लागते, आणि समोर घामाने निथळणारं गिऱ्हाईक उभं असतं. हिंदुस्थानातल्या झाडून सगळ्या मिस्त्र्यांनी फुंकरच मारली. आपण दाह झालेल्या जागी फुंकर घालतो ना, तशीच ही, असं त्यांना वाटे. फुंकरीने विस्तवही पेटतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आणून द्यायला लीलाधरची स्वतःची पोरगी यावी, हा दैवाचा खेळ.

हर्षाली पुण्याच्या एका संशोधन संस्थेत हवेचा अभ्यास करी. त्या चैत्रात ती 'मागोवा' नावाचं यंत्र घेऊन गावी आली आणि शाळेच्या गच्चीवर मनोरा उभा केला. पहिली चाचणी आपल्याच तालुक्यात, हा तिचाच हट्ट. सकाळी सातला, ऊन तापायच्या आत, तिने शाळेच्या पडवीत आसपासच्या सहा गावांचे मिस्त्री आणि सरपंच जमवले. पहिल्या ओळीत युसूफ उस्ताद, वय ब्याऐंशी. शेजारी लीलाधर, इस्त्रीच्या सदऱ्यात, मुलीच्या अभिमानाने फुगलेला.

तिने सोप्या भाषेत सांगितलं. सूर्याचं ऊन हवेतून आरपार येतं आणि जमीन तापवतं. तापलेली जमीन ती उष्णता परत वर फेकते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे मात्र अडवतात. त्यांचे रेणू ती उष्णता पिऊन थरथरतात आणि पुन्हा चहूकडे फेकतात, म्हणजे बरीचशी खालीच.

"ही पृथ्वीची गोधडी," हर्षाली म्हणाली. "गोधडी वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश असतं, आपण कुणी इथे नसतो. पण दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून आपण गोधडीवर गोधडी टाकत आलो. आता घुसमट होतेय."

"मंग यात आमच्या गॅसचा काय गुन्हा?" एक मिस्त्री म्हणाला.

"त्या गोधडीत एक फट होती. एका विशिष्ट पट्ट्यातली उष्णता कुठलाच नेहमीचा वायू अडवत नव्हता, ती त्या फटीतून सरळ आकाशात निघून जायची. तेवढाच काय तो पृथ्वीला गारवा. तुमचा गॅस नेमका तीच फट बुजवतो. त्यात कार्बनला फ्लोरिन जोडलेला असतो आणि तो जोड बरोबर त्या पट्ट्यातलीच उष्णता पितो. फटीवर ठिगळ बसतं. म्हणून तुमचा एक किलो गॅस दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो."

सरपंच आपापल्या मिस्त्र्यांकडे बघू लागले.

"एका फुंकरीत दहा ग्रॅम गॅस जातो," ती पुढे म्हणाली. "म्हणजे वीस किलो धूर. पेट्रोलची स्कूटर इथून पुण्याला नेली तर तेवढा होतो. तुम्ही दोन सेकंद चावी उघडलीत की तुमची स्कूटर पुण्यात पोचली म्हणून समजा."

युसूफ उस्ताद मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "आन् जुना गॅस, बेटा? आम्ही सुरुवातीले भरायचो तो?"

"तो दहा हजारपट होता, चाचा. आणि शंभर वर्षं टिकतो."

"म्हंजे माह्या तरुणपणीचा अजून वरच हाये."

"हो."

म्हातारा उठून उभा राहिला. "आजपासून बंद. मले ह्या वयात पंप घ्या लागला तरी घेईन. सगळ्यांसमोर शब्द देतो."

मग हर्षालीने मागोवा समजावला. गावांतल्या जुन्या यंत्रांना अजून हाच दोन हजारपटीचा गॅस लागे आणि त्याच्यावर जगाने लगाम घातलेला, त्यामुळे तो गावागणिक मोजून मिळे. कारखान्यात आता प्रत्येक घाण्यातल्या गॅसला एक ठसा दिलेला असे. त्यात जड कार्बन आणि जड हायड्रोजन यांचं प्रमाण घाण्याघाण्याला निराळं ठेवत. मनोऱ्यातलं यंत्र हवा आत ओढून घेई, तिच्यातून लेसरचा किरण आरशांमध्ये हजारो वेळा फिरवी आणि अब्जात एखादा रेणू असला तरी त्याचा ठसा वाची. रेणू कुठून आला ते वाऱ्याच्या दिशेवरून आणि वेगावरून उलटं गणित मांडून काढी. ठशाची कल्पना तिला सुचली ती बापामुळेच. लहानपणी तो तिला सांगायचा, ह्या कारखान्याचा गॅस हाताला जास्त झोंबतो, त्याचा कमी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

नियमही तिनेच सरकारी समितीत लावून धरलेला. एकट्या मिस्त्रीला शिक्षा करून उपयोग नाही. महिन्याला शंभर ग्रॅमच्या वर गळती झाली तर सगळ्या गावाच्या यंत्रांना सील, मृग लागेपर्यंत. मग गावच मिस्त्र्यावर लक्ष ठेवील. समितीत कुणीतरी विचारलं होतं, गारघरांचं काय? तेव्हा हिने उत्तर दिलं होतं, "अपवाद ठेवला की त्या अपवादातूनच सगळा गॅस निसटेल." शहाणी माणसं नियम करतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आपली आई नसते.

सभा संपता संपता ती बापाकडे वळली. "पप्पा, तुम्ही तर फुंकर मारत नाही ना?"

सगळा तालुका बघत होता. सरपंच बघत होते. लीलाधर म्हणाला, "छे! मी कधीचीच सोडली."

त्याने मनाशी ठरवलं, उद्यापासून सोडायची. म्हणजे ते खोटं ठरणार नाही.

उद्या उजाडला. पहिलंच घर एका बाळंतिणीचं, वीज जायला वीस मिनिटं उरलेली. पंप पिशवीतच राहिला आणि हात सरावाने चावीकडे गेला. फुस्स. दहा ग्रॅमने काय होतंय, त्याला वाटलं. एवढ्याशा फुंकरीला आकाशातून कोण बघतं? दुसऱ्या दिवशी दुसरं निमित्त निघालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चव्वेचाळीस वर्षांचा पीळ तो.

वैशाखात, एका रविवारी सकाळी हर्षाली न कळवता आली. पुष्पलता चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. लीलाधर ओट्यावर नळ्या पुसत बसलेला. मुलीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"तेवीस," ती म्हणाली.

"काय तेवीस?"

"फुंकरी. एका महिन्यात. तारीख, वेळ सगळं आहे. चार तारखेला सव्वाअकरा, सहाला दुपारी पावणेबारा. वाचून दाखवू? दोनशे तीस ग्रॅम, पप्पा. मर्यादा शंभरची आहे."

लीलाधरने आधी यंत्रावर ढकलून पाहिलं. मग विजेवर. मग त्याचा आवाज चढला. "दहा ग्रॅम वं! दहा ग्रॅमसाठी तू बापाले कचेरीत उभं करशीन? कोळशाचे डोंगर जाळणारे मोकळे, विमानं उडवणारे मोकळे, आन् मी चोर?"

"देशात तुमच्यासारखे काही लाख मिस्त्री आहेत. प्रत्येकजण हेच म्हणतो."

"तू शिकली ती याच फुंकरीवर. तुह्या पुस्तकाचा कागद न् कागद याच हातानं आणला."

"माहीत आहे मले!" ती ओरडली, आणि पुण्याची भाषा तिच्या तोंडून गळून पडली. "माहीत हाये म्हणूनच विचारलं होतं न सगळ्यांसमोर? तेव्हा खरं बोलले असते तर मी तुम्हाले महिनाभर मुदत देऊ शकत होती. तुम्ही छे म्हणले. मी तुमचं नाव अहवालात लिहिलं, आदर्श मिस्त्री म्हणून!"

लीलाधरला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणसाला राग येतो, तसा त्याला रागही आला. तो पुन्हा नळ्या पुसू लागला.

चुलीपासून पुष्पलताचा आवाज आला. "तू या अहवालावर सही केली तर काय होईन?"

हर्षालीने पर्स खाली ठेवली.

"गारघर बंद होईन. हो न?" तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मंग कर सही. मी घरी बसते ओलं फडकं घेऊन. बाकीच्या बाया बसतीन तशी. पोरीच्या नोकरीवर डाग नको."

ती खरंच बोलत होती. हेच भयंकर होतं. रागाने म्हणाली असती तर हर्षालीने कदाचित सही केली असती. ती आईजवळ गेली, खाली बसली, आणि आईच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिली. पाव तासाने ती उठून शाळेच्या गच्चीवर गेली. दुपारी परतली तेव्हा तिने नजर कुणाकडेच वळवली नाही.

"चूक सापडली," ती म्हणाली. "वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवताना उलटा बसला होता. ती गळती आपल्या गावची नाही."

पुष्पलताला हे खरं वाटलं. का वाटू नये? "पाह्यलं! म्हटलंच होतं मी, तुमची फुंकर एवढी दांडगी असायची नाही," ती नवऱ्याला म्हणाली आणि मुलीसाठी शिरा करायला उठली.  बाण लीलाधरने स्वतः शिडीवर चढून बसवला होता. तो उलटा नव्हता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं समजून बापलेक तो शिरा खाऊन उठले. पण मागोव्याला बेवारस वायू चालत नसे. एकाच घाण्यातले सिलिंडर सहा गावांत वाटले जात, ठसा सगळ्यांचा सारखाच. गाव ठरे ते वाऱ्यावरून. हर्षालीने वाऱ्यात एकशेऐंशी अंशांची दुरुस्ती नोंदवून अहवालावर सही केली तेव्हा तिला वाटलं, उलट्या दिशेला नुसती केळीच आहे, यंत्र 'अनिश्चित' असा शेरा मारील. यंत्राने तसं केलं नाही. त्याने त्या दिशेला रेघ लांबवत नेली, सात किलोमीटरवर जो पहिला परवानाधारक मिस्त्री सापडला त्याच्या नावावर तेवीस फुंकरी घातल्या, आणि आदेश आपोआप निघाला. पिंपळबर्डी. युसूफ मिस्त्री.

चोर सोडून संन्याशाला फाशी. साऱ्या तालुक्यात फुंकर खरोखर सोडलेला तो एकटा माणूस होता.

लीलाधरला ही बातमी चहाच्या टपरीवर कळली. तिथूनच त्याने मुलीला फोन लावला. "हे काय केलं तू?"

"मला माहीत नव्हतं तिकडे जाईल ते."

"आता तर माहीत हाये न? मंग दुरुस्त कर."

"कशी?" हर्षालीचा आवाज थकलेला होता. "दुरुस्त केलं की आपल्या गारघराला सील. सांगा तुम्ही. तुम्ही म्हणाल ते आत्ता करते. आईला आणून कुठे ठेवायचं तेवढं सांगा. माझ्या फ्लॅटमध्येही दुपारी वीज नसते."

टपरीवर दोघं-तिघं त्याच्याकडे बघत होते. लीलाधर फोन घेऊन टपरीमागे गेला. मग म्हणाला, "मृग लागायले किती दिवस राह्यले?"

"सव्वीस."

"सव्वीस दिवसांनी काय होतं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. दहा ग्रॅमबद्दल तो असाच बोलला होता.

सव्वीस दिवसांत बरंच काही होतं. पिंपळबर्डीचं गारघर कुलूपबंद झालं. लोकांनी म्हाताऱ्याच्या दारात येऊन शिव्या घातल्या. तेराव्या दिवशी तिथे दोन माणसं उष्म्याने दगावली. सोळाव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, झुलेखा चाची गेली, उस्तादांची बायको. लीलाधर शिकाऊ असताना या बाईने त्याला चार वर्षं दुपारचं जेवायला घातलं होतं. त्याच्यासाठी वेगळं, बिनमांसाचं भांडं ठेवलं होतं आणि त्यावर खिळ्याने खूण करून ठेवली होती, चूक नको म्हणून.

"एवढे शब्द दिले म्हाताऱ्यानं, पण हात काही आवरला नाही," पुष्पलता गारघरातून येऊन हळहळली. "स्वतःच्याच बायकोच्या जिवावर उठला बिचारा." लीलाधर हात धुवायला म्हणून उठून मोरीत गेला.  

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिंपळबर्डीला गेला. वाटेत त्याने नक्की केलं होतं, आज सांगून टाकायचं. उस्ताद अंगणात लिंबाखाली खाटेवर बसलेले. इतर वेळी मयताच्या घरी माणसांची रीघ लागते. इथे कुणी नव्हतं. खाटेजवळ एक कोरा करकरीत व्हॅक्यूम पंप होता, कापडाने झाकलेला.

"ये लीला. बस." म्हाताऱ्याने कापड बाजूला केलं. "हा पाह्य. शाळेतल्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी आणला. तेव्हापासून एक फुंकर मारली नाही मी. असं मले वाटत होतं."

"उस्ताद—"

"ऐक न. मशीन म्हणते तेवीस वेळा. मी घरी बसून सगळे दिवस आठवले. एकही फुंकर आठवत नाही. पण मशीन कशाले खोटं बोलन? त्याले माह्याशी काय दुष्मनी?" उस्तादांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "साठ वर्षं झाले न बेटा. डोकं नाही म्हणलं असन, पण हातानं केलं असन. हात डोक्याले विचारतो थोडाच. आन् वय असं, की केलेलं आठवत नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं बायकोले मारलं. बरोबरच म्हणतात."

लीलाधरच्या जिभेवर शब्द आले होते. तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "पोरीले फोन लाव. तिची माफी मागायची हाये."

"ती कामात असन."

"लाव. दोन शब्दांचं काम हाये."

त्याने लावला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, "पप्पा, आई बरी आहे ना?"

"बरी हाये. मी पिंपळबर्डीले आलो. उस्ताद बोलतात."

लीलाधरने फोन स्पीकरवर टाकला आणि म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. "बेटा हर्षाली, मी युसूफ चाचा. शाळेत सगळ्यांपुढं तुले शब्द दिला आन् तो मोडला. कसा मोडला ते मलेच ठावं नाही, पण मोडला. तुह्या मशीनीची पहिली चाचणी, आन् तुह्याच माणसानं त्यात माती कालवली. चाची तं गेली. ती आता मले विचारणार नाही. तू तरी मनात ठेवू नको. माफ कर मले."

  खरं सांगणारं एक वाक्य पुरेसं होतं, हर्षालीचं किंवा लीलाधरचं. तो अंगणात उभा होता, तोंड होतं, जीभ होती. आणि त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती पुष्पलता, पाण्याची मोजून भरलेली बाटली काखेत मारून गारघराच्या दाराशी चप्पल काढणारी. नऊ वाजत आले होते, दहाला गारघर उघडणार होतं. मृगाला आठ दिवस होते.

"चाचा..." हर्षालीचा आवाज फाटला. "माफी नका मागू तुम्ही."

"असं नाही. माफ केलं म्हण. मले अठरा दिवस झाले, डोळ्याले डोळा लागला नाही."

लीलाधरने लिंबाच्या खोडाला हात टेकला.

"माफ केलं, चाचा," हर्षाली म्हणाली.

उस्तादांनी फोन परत दिला. गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा झाला होता. "जित्ती राहो," ते म्हणाले. "बापाचं नाव काढलं पोरीनं. दुसरी असती तं चार गोष्टी सुनावल्या असत्या." मग त्यांना एकदम आठवलं की घरी आलेल्या माणसाला आपण पाणीसुद्धा विचारलं नाही. ते भिंतीला धरत आत गेले आणि बऱ्याच वेळाने स्वतःच्या हातांनी सरबत करून घेऊन आले. साखर खूप जास्त झाली होती. लीलाधरने ते सगळं प्यायलं, ग्लास विसळून पालथा घातला, आणि पुष्पलताला गारघरात सोडायची वेळ होईल म्हणून निघाला.